आंत्रपुच्छातील श्लेष्मल गाठी आणि त्यांचे प्रतिमानिदान

उजव्या बाजूस ओटीपोटात कळ उठली, की आपल्याकडे डॉक्टरांच्या निदानाची वाट कोणी पाहत नाही. घरातले वडीलधारे माणूस "अपेंडिक्स असेल" असे म्हणून मोकळे होते. निवासी शाळेत राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकडीला असा एखादा सोबती आठवेल, ज्याला रातोरात गाडी मिळवून दवाखान्यात न्यावे लागले आणि जो आठवड्याभराने पोटावरच्या टाक्यांची रेघ मोठ्या ऐटीत दाखवीत परतला. मुलांच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे ते निदान पुष्कळदा खरेही ठरते. परंतु जुन्या तुकड्यांतील बाकीचे सोबती आता पन्नाशीच्या घरात आले आहेत. त्यांच्यापैकी किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणाला त्याच जागी दुखू लागले, अथवा न दुखताही तेथे काही फुगलेले आढळले, तर "अपेंडिक्सला सूज" एवढ्यावर थांबणे धोक्याचे असते. त्या फुगीत पू आहे की श्लेष्मा, हे पोट उघडण्यापूर्वी कळले पाहिजे. आम्ही सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन या तपासण्यांच्या क्षेत्रात काम करीत असल्याने, हे कसे कळते ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

आंत्रपुच्छ, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले अपेंडिक्स, हे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीला, अंधांत्राला, लोंबणारे करंगळीएवढे पोकळ शेपूट होय. त्याची लांबी साधारणतः ६ ते १० सेंटिमीटर असते. निरोगी अवस्थेत त्याची जाडी बहुधा ६ मिलिमीटरच्या आत राहते. त्याच्या आतल्या अस्तरातील पेशी सतत थोडा थोडा श्लेष्मा स्रवतात. नाकात किंवा घशात असतो त्याच जातीचा हा बुळबुळीत पदार्थ, आणि तो आतड्यात वाहून जातो. अपेंडिक्सचे तोंड मळाच्या खड्याने, जुन्या सुजेच्या वणाने किंवा अस्तरावरच वाढणाऱ्या गाठीने बंद झाले, की श्लेष्म्याला वाट उरत नाही. तो आत साचतो, घट्ट होतो आणि अपेंडिक्स फुगत जाते. केवळ अडथळ्यामुळे साचलेल्या श्लेष्म्याने ते सहसा २ सेंटिमीटरपलीकडे फुगत नाही. त्याहून मोठी फुगी दिसली, तर अस्तरातील पेशीच बिघडल्या असाव्यात आणि त्या गरजेपेक्षा अधिक श्लेष्मा तयार करीत असाव्यात, असा संशय घ्यावा लागतो.

व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८४२ साली अशा फुगलेल्या अपेंडिक्सचे वर्णन प्रथम केले. पुढे १८७६ मध्ये त्याला म्युकोसील हे नाव मिळाले. आजही सोनोग्राफीच्या अहवालात हाच शब्द येतो. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. म्युकोसील हे रोगाचे नाव नाही. श्लेष्म्याने भरलेली पिशवी एवढाच त्याचा अर्थ. पिशवी का भरली, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते सूक्ष्मदर्शकाखाली. तेथे कधी निव्वळ अडथळा आढळतो, कधी लो ग्रेड म्हणजे संथ गतीची गाठ, कधी हाय ग्रेड, तर कधी उघड कर्करोग. २०१६ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी एकमताने या गाठींची नावे व व्याख्या नव्याने ठरविल्या, कारण तोवर एकाच आजाराला चार रुग्णालये चार नावे देत असत.

हे आजार विरळ आहेत. शस्त्रक्रियेत काढलेल्या शंभर अपेंडिक्समागे सुमारे एकात कोणत्या तरी प्रकारची गाठ सापडते, आणि म्युकोसील त्याहूनही कमी, ०.२ ते ०.७ टक्के इतक्यांत. मग विरळ आजारावर एवढे पान का खर्चावे, असे कोणी विचारील. याचे कारण त्या श्लेष्म्याच्या स्वभावात आहे. गाठ अपेंडिक्सच्या आत बंदिस्त असताना ती अखंड काढली, तर लो ग्रेड प्रकारात रुग्ण बहुधा कायमचा बरा होतो. तीच पिशवी फुटली, तर श्लेष्म्याबरोबर बिघडलेल्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात, जेथे पडतात तेथे रुजतात आणि तेथेही श्लेष्मा स्रवू लागतात. काही वर्षांत सारे पोट जेलीसारख्या पदार्थाने भरून जाते. या अवस्थेला १८८४ साली वेर्थ यांनी स्यूडोमिक्झोमा पेरिटोनी असे नाव दिले. दरवर्षी दहा लाख लोकांमागे एक ते चार जणांनाच हा विकार होतो. १९९३ साली निधन पावलेल्या सुप्रसिद्ध अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांचा आजार याच कुळातला होता. एकाच गाठीच्या दोन शेवटांमधील अंतर इतके मोठे आहे, आणि ते पुष्कळ अंशी पोट उघडण्यापूर्वी काय ठाऊक होते यावर अवलंबून असते.

लक्षणांवरून मात्र फारसे हाती लागत नाही. पुष्कळ रुग्णांना काहीच त्रास नसतो. मूतखड्यासाठी किंवा पित्ताशयासाठी केलेल्या तपासणीत गाठ अवचित दिसते. काहींना उजवीकडे मंद दुखते, काहींच्या हाताला गोळा लागतो. गाठीलाच सूज आली, तर चित्र नेहमीच्या अपेंडिक्सच्या दुखण्यासारखेच होते. आजार पोटात पसरल्यावर स्त्रियांना प्रथम बीजांडकोशाची गाठ म्हणून, तर पुरुषांना हर्नियासाठी दाखल करून घेतले जाते, आणि हर्नियाच्या पिशवीत जेली आढळते तेव्हा खरा प्रकार ध्यानी येतो. आपल्या भागात आणखी दोन गोष्टींची भर पडते. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात पोट असेच कळवळते. दुसरी गोष्ट क्षयाची. तिच्याकडे पुढे वळू.

पहिली तपासणी सोनोग्राफी. तिच्याविषयी आपल्याकडे एक चमत्कारिक समजूत आहे. ही तपासणी गरोदर बाईची, असे अनेक वृद्ध पुरुषांना मनापासून वाटते, आणि केंद्राच्या दारावरील गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक वाचून ती अधिकच पक्की होते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या आधी केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. ते फलक त्या कायद्याचे. अपेंडिक्सच्या तपासणीशी त्यांचा काहीही संबंध नाही. ही तपासणी स्त्रीपुरुष दोघांचीही होते, तिच्यात क्ष-किरण नसतात आणि खर्चही तुलनेने बेताचा असतो.

अपेंडिक्स पाहताना तपासणारा यंत्राचा दांडा दुखऱ्या जागी हळूहळू दाबत नेतो. मधला वायू व आतडी बाजूस सरतात आणि अपेंडिक्स दृष्टीस पडते. निरोगी अपेंडिक्स दाबाखाली चेपते. सुजलेले अपेंडिक्स ६ मिलिमीटरहून जाड असते, चेपत नाही, दाबताच रुग्ण कण्हतो आणि भोवतालची चरबी पडद्यावर उजळ दिसते. म्युकोसीलचे रूप निराळे. जाडी १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरली, की म्युकोसीलचा संशय बळावतो, आणि या मापाला प्रतिमानिदानात बरेच महत्त्व आहे. आकार लहान दुधीसारखा, भिंत पातळ, दाबल्यावर वेदना अल्प किंवा मुळीच नाही. आतील घट्ट श्लेष्मा कधी थराथराने साचलेला असतो. तेव्हा आडवा चिरलेला कांदा दिसावा तशी एकात एक वलये दिसतात. ही वलये दिसली, तर निदान जवळजवळ हाती आले असे समजावे. मात्र ती प्रत्येक रुग्णात दिसत नाहीत, आणि ती नाहीत म्हणून गाठ नाही असे कोणी मानू नये.

स्त्री रुग्णाच्या बाबतीत येथे एक पायरी कधीही गाळता येत नाही. उजवा बीजांडकोश गाठीपासून वेगळा दाखविता आला पाहिजे. कटिपोकळीत लोंबणारे म्युकोसील आणि बीजांडकोशाची पाण्याची गाठ यांत साम्य एवढे असते, की अहवालात बीजांडकोशाचा स्वतंत्र उल्लेख नसेल तर त्या अहवालावर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही. गाठीचे एक टोक अंधांत्राला जाऊन मिळते का, हे शोधणे हा या कोड्याचा खरा उलगडा. स्थूल शरीरात, आतड्यात वायू कोंडलेला असताना किंवा अपेंडिक्स अंधांत्राच्या मागे दडलेले असताना सोनोग्राफी अपुरी पडते, आणि तपासणाऱ्याच्या हाताच्या सरावावरही पुष्कळ अवलंबून असते. म्हणून संशय उरला, तर सीटी स्कॅन करावा.

सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ साली लंडनमध्ये झाली. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील प्रत्येक पदार्थ क्ष-किरण किती अडवितो, याचे माप त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर, चरबी उणे १०० च्या आसपास. श्लेष्म्याचा अंक पाण्याच्या जवळ किंवा त्याहून थोडा वर येतो. त्यामुळे अंधांत्राला जोडलेली, गोलाकार किंवा नळीसारखी, पाण्याच्या जवळपास घनता असलेली आणि भोवतालची चरबी स्वच्छ ठेवून बसलेली पिशवी सीटीवर दिसली, की म्युकोसीलचे नाव घेता येते. तिच्या भिंतीत चुन्याची कमानदार रेघ असेल तर शंकेला जागा फारच थोडी उरते. ही रेघ निम्म्याहून कमी रुग्णांत असते, पण कधी कधी साध्या क्ष-किरण चित्रातही ती उजव्या बाजूस, अंड्याच्या कवचाच्या तुकड्यासारखी, दिसून जाते.

भिंत कशी आहे, हे सीटीत फार बारकाईने पाहावे लागते. ती सर्वत्र पातळ व गुळगुळीत असेल तर मनाला थोडा दिलासा. कोठे जाड, खडबडीत किंवा फोडीसारखी असेल आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो भाग उजळत असेल, तर कर्करोगाची शक्यता वाढते. गाठ अपेंडिक्सच्या टोकाशी आहे की मुळाशी, अंधांत्रात शिरली आहे का, पिशवीबाहेर श्लेष्म्याचे थेंब दिसतात का, याची नोंद शस्त्रक्रियेची दिशा ठरविते. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. ही तपासणी वेळकाढूपणा समजून रुग्णाने टाळू नये. ती मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी असते. गर्भवती स्त्रियांत किंवा सीटीनंतरही गोंधळ राहिल्यास एमआरआय उपयोगी पडतो. तेथे श्लेष्मा पाण्यासारखा शुभ्र दिसतो. कोलोनोस्कोपीत अपेंडिक्सचे तोंड ज्वालामुखीच्या मुखाप्रमाणे वर उचललेले आढळते आणि मोठ्या आतड्यात दुसरी गाठ नाही ना, हेही त्याच वेळी पाहून होते.

आता क्षयाविषयी. आपल्या भागात पोटात पाणी झाले, की टीबीचा विचार प्रथम येतो, आणि तो रास्तच आहे. परंतु पोट भरणारा पदार्थ जेव्हा जेली असतो, तेव्हा सुई घातली तरी काही बाहेर येत नाही. अशा वेळी पुराव्याविना टीबीचे औषध सुरू होऊन महिने निघून जाण्याचा धोका असतो. सीटीत हे दोन आजार बरेच वेगळे दिसतात. क्षयात लहान आतड्याचा शेवटचा भाग व अंधांत्र जाड होतात, अंधांत्र आक्रसून वर ओढले जाते, भोवतालच्या लसिकाग्रंथी वाढतात आणि त्यांचा मध्य काळपट दिसतो. जेलीच्या आजारात यकृत व प्लीहा यांच्या कडांना बाहेरून दाबल्यासारख्या खळगी पडतात. साधे पाणी अवयवांभोवती नुसते पसरते, त्यांना दाबून खळगी पाडीत नाही. हलणाऱ्या लहान आतड्यावर श्लेष्मा आरंभी फारसा टिकत नाही. तो मध्यपटलाखाली, यकृताच्या मागे, आतड्यांवरच्या वपाजालात आणि कटिपोकळीत साचतो. हे वाटप एकदा पाहिलेला डोळा ते पुन्हा ओळखतो. म्युकोसीलचा संशय असेल, तर खात्रीसाठी म्हणून त्या पिशवीत बाहेरून सुई कधीही घालू नये. जे टाळायचे तेच त्याने घडते.

औषधांनी बसविलेल्या गोळ्याविषयीही येथे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. अपेंडिक्सचा गोळा झाला, की अँटिबायोटिक देऊन तो थंड करतात. ही रीत जुनी व योग्य आहे. दुखणे थांबते, ऊसतोड किंवा कापसाची वेचणी तोंडावर असते, आणि रुग्ण पुन्हा फिरकत नाही. फिनलंडमध्ये अशाच रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळा शमलेल्या ६० रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश जणांच्या अपेंडिक्समध्ये कोणती ना कोणती गाठ निघाली, ते सर्व चाळिशीपुढचे होते, आणि गाठींचे प्रमाण पाहून चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. म्हणून चाळिशीनंतर गोळा शमला, तरी काही आठवड्यांनी पुन्हा सीटी करून शल्यचिकित्सकाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. दुखणे गेले म्हणजे गाठ गेली, असे होत नाही.

निदान आधी झालेले असले, की शस्त्रक्रियाही बदलते. शल्यचिकित्सक अपेंडिक्सला चिमट्याने थेट पकडीत नाही. ते पिशवीत घालून अखंड बाहेर काढतो, आणि दुर्बिणीतून ते साधत नाही असे दिसताच पोट उघडतो. यकृतापासून कटिपोकळीपर्यंत सारी पोकळी तपासून कोठे श्लेष्मा आहे का, ते पाहतो. गाठ मुळाशी असेल तर अंधांत्राचा भागही घेतो. उजव्या बाजूचे मोठे आतडे काढण्याची गरज प्रत्येकाला नसते, आणि हे ऐकून अनेक कुटुंबांचा जीव भांड्यात पडतो. आजार पसरलेला असेल, तर पोटाच्या अस्तरावरील सारी वाढ काढून ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले कर्करोगाचे औषध पोटात सुमारे तास-दीड तास फिरविण्याची हायपेक नावाची पद्धत आहे. ती शस्त्रक्रिया दिवसभर चालू शकते आणि तिला अनुभवी चमू लागतो. १९४१ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ती होते.

शहाद्याहून ही वाट लांबची आहे. शहाद्याला रेल्वे नाही. तपासण्यांच्या पुढच्या टप्प्यासाठी नंदुरबार, धुळे किंवा सुरत गाठावे लागते. नंदुरबार हा जिल्हा १९९८ मध्ये झाला, आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लागला. धुळ्याचे शासकीय महाविद्यालय जुने आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून शिधापत्रिका व ओळखपत्र दाखविल्यास कोणता उपचार बसतो, ते समजते. प्रवासात अहवालाचा कागद जपला जातो आणि फिल्म किंवा सीडी घरी राहते, असे फार वेळा होते. पुढच्या डॉक्टरांना फिल्मच अधिक उपयोगी असते, कारण त्यांना भिंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते, आणि सहा महिन्यांनी गाठ वाढली की नाही हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते.

शेवटची गोष्ट काढलेल्या अपेंडिक्सची. शस्त्रक्रिया संपल्यावर ते एका ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखविण्याची प्रथा अनेक दवाखान्यांत आहे. नातेवाईक पाहतात, मान डोलावतात, आणि पुष्कळदा ते तेथूनच टाकून दिले जाते. नुसत्या डोळ्यांनी सूज आणि लो ग्रेड गाठ यांतील भेद कोणासही सांगता येत नाही. ट्रे समोर येईल तेव्हा "हे तपासणीला जाणार ना, डॉक्टरसाहेब?" एवढे नम्रपणे विचारावे. रुग्ण चाळिशीपुढचा असेल तर अवश्य विचारावे. गावात पॅथॉलॉजीची सोय नसेल, तर नमुना नातेवाइकांनाच पुढच्या शहरी पोहोचवावा लागतो. तो मिठाच्या पाण्यात किंवा स्पिरिटात घालून नेऊ नये. दवाखान्यातून दहा टक्के फॉर्मॅलिन मागून घ्यावे, रुंद तोंडाच्या बरणीत ते नमुन्याच्या निदान दहापट असावे, आणि बरणीच्या झाकणावर नव्हे तर अंगावर रुग्णाचे नाव, वय, शस्त्रक्रियेची तारीख व "अपेंडिक्स" हा शब्द लिहावा. सोबत सोनोग्राफीच्या अहवालाची प्रत द्यावी. त्यावरील मिलिमीटरचा आकडा वाचून तपासणारा अपेंडिक्सचे एकदोन तुकडे न घेता ते संपूर्ण कापून पाहतो.